वयाला चिकटलेली खूण

कचेरीत तिला सगळे चाळणीताई म्हणत. घरीसुद्धा सासूबाई स्वतः निवडलेले तांदूळ शेवटी हिच्याच पुढ्यात सरकवायच्या. हिच्या नजरेतून खडा सुटत नाही, अशी ख्यातीच होती. सापडलेल्या पण ओळख न पटलेल्या माणसांच्या नोंदी ठेवणाऱ्या त्या दोन खोल्यांच्या कचेरीत प्रोग्राम लिहिणारी ती एकटीच.

जुन्या यंत्रात प्रत्येक नोंद गाठोड्यासारखी बांधलेली होती. ती गाठोडी सोडवून नव्या यंत्रात मांडणारा प्रोग्राम तिनं लिहिला, आणि जुनं-नवं ताडून पाहणारी चाचणीही. उंची जुळली, वय जुळलं. पडद्यावर सगळं हिरवंगार. साहेब खूश. "झालं तर! आता ती अडगळ काढा." तिनं आपल्या हातानं जुनी गाठोडी पुसून टाकली.

घोळ कळला तो एका आजोबांमुळे. हरवलेल्या धाकट्या भावासाठी ते नेमानं येत.

"भाऊ साठीचा, पण दिसतो पन्नाशीचा. लहानपणापासून लबाड!" ते म्हणाले. "जुन्या यंत्रात पन्नाशीवालेही निघायचे हो. आता का निघत नाहीत?"

तेव्हा कुठं तिला खडा दिसला. बेशुद्ध माणसाचं वय इस्पितळात कुणीतरी नुसतं बघून लिहितं. अशा वयाला जुन्या नोंदीत 'अंदाजे' अशी खूण चिकटलेली असे, आणि ती बघून यंत्र दहाएक वर्षं मागेपुढेही शोधायचं. तिच्या प्रोग्रामनं गाठोड्यातून आकडा तेवढा उचलला, खूण तिथंच राहिली. चाचणीही मेली आकडेच ताडत बसली होती.

"मग चिकटवा की परत," साहेब म्हणाले.

"कुणाला चिकटवू? कुणी स्वतः वय सांगितलं होतं आणि कुणाचं बघून लिहिलं होतं, आता कळायचं कसं?"

"सगळ्यांनाच चिकटवा!"

चिकटवली. पूर्वी मूठभर माणसं निघायची. आता यादी पडद्यावर सरकतच राहिली. ती बघून आजोबांचा चेहरा उजळला. "एवढे? मग यात असेलच तो!"

यादीतल्या पहिल्याच इस्पितळाला तिनं फोन लावला.

"किती जणांची चौकशी आहे, बाई?" पलीकडचा कारकून कावलेला होता.

"एकाचीच."

"आमच्याकडच्यांपैकी कोण?"

"ते... आता आम्हालाच माहीत नाही."

पलीकडून फोन ठेवल्याचा आवाज आला. आजोबा अजून तिच्या तोंडाकडेच बघत होते.