पोफळीवरून पोफळीवर: करंजा ते श्रीवर्धन, एकटीने

१८ फेब्रुवारी

सव्वा वर्ष इथे एक ओळही लिहिली नाही. दोन-तीन वाचकांनी विचारलंही, 'ब्लॉग बंद केलात का?' माफ करा. कारण सांगायचं तर कामाचा ताण वगैरे नव्हता. कुठे गेलेच नव्हते. कॉलेज, घर, कॉलेज. उरणच्या माझ्या खिडकीतून बंदराकडे जाणाऱ्या ट्रेलरची रांग दिसते. सगळं जग तिथून ये-जा करत असतं. मी मात्र भाजी आणायला खाली उतरायचाही कंटाळा करत होते.

मग सुनंदाचा फोन आला. सुनंदा म्हणजे अलिबागला वसतिगृहात तीन वर्षं माझ्या खोलीत राहिलेली मैत्रीण. श्रीवर्धनच्या अलीकडच्या एका गावात तिचं सासर, घरामागे पोफळींची, म्हणजे सुपारीची, वाडी. तिचे यजमान गेले तेव्हा मी दिवसकार्याला जाऊन त्याच संध्याकाळी परतले होते. त्यानंतर फोनवरच बोलणं. या वेळी ती म्हणाली, "मीना, तू ये. मला तुला एक गोष्ट विचारायची हाय, आणि फोनवर न्हाय विचारायची."

गाडी नसलेल्यांसाठी सांगते: या किनाऱ्याने लाल डबा, लाँच आणि रिक्षा यांच्यावर छान जाता येतं, घाई नसली तर. मी शुक्रवारी करंजाच्या धक्क्यावरून रेवसची लाँच घेतली. तिकीट किरकोळ, वेळ पाऊण तासाच्या आत. भरती-ओहोटीवर वेळा बदलतात, आदल्या दिवशी विचारून ठेवा. रेवसहून अलिबाग, तिथून मुरूड. एसटीत आम्हा बायकांना अर्धं तिकीट, त्यामुळे गाडी बायकांनी भरलेली आणि सगळ्यांना सगळ्यांची माहिती. रेवदंड्याला शेजारी बसलेल्या कोळीण बाईंनी मला आपादमस्तक पाहिलं.

"मुरुडला कोन हाय?"

"कोणी नाही. फिरायला."

"एकलीच?" त्यांनी पुढच्या सीटवरच्या बाईला सांगितलं, "बघ गो, एकली फिराला चाललीय. आपल्याला बाजारात दोन तास जास्ती झालं तं घरी पंचायत बसते!"

दोघी हसल्या. मीही हसले. पण त्या रेवदंड्याच्या पुढे उतरल्यावर रिकाम्या सीटवर मी माझी पिशवी ठेवली आणि काशीदपर्यंत तीच माझी सोबत.

मुरूडला मुक्काम केला. लॉजच्या काउंटरवरच्या माणसाने 'किती जण?' विचारलं आणि मी 'एक' म्हटल्यावर माझ्या मागे दाराकडे बघत राहिला, कोणीतरी येईल म्हणून. शेवटी खोली दिली, स्वयंपाकघराच्या वरची. बाराशे रुपये, चादर स्वच्छ, नळाला खारट पाणी. बांगड्याची थाळी चांगली होती. चार खुर्च्यांच्या टेबलावर एकटीने जेवताना मला नेहमी उरलेल्या तीन खुर्च्यांची माफी मागावीशी वाटते.

शनिवारी सकाळी शेअर रिक्षाने आगरदांडा आणि तिथून फेरीबोटीने खाडी ओलांडून दिघी. बोटीत गाड्याही चढतात. सुट्टीच्या दिवशी पुण्या-मुंबईच्या गाड्यांची लांब रांग असते, पायी असाल तर सरळ पुढे जा. दिघीहून बोर्ली पंचतन आणि पुढे सुनंदाचं गाव. रिक्षावाल्याने नाव ऐकताच विचारलं, "वाडी बघायला आलात? विकायच्या हायत म्हणे तिकडं." मी नाही म्हटलं. त्याने विश्वास ठेवला नाही.

सुनंदा अंगणात होती. सगळं अंगण सुपारीने भरलेलं. साल न काढलेल्या नारिंगी, काही तपकिरी पडू लागलेल्या सुपाऱ्या उन्हात पसरलेल्या आणि ती वाकून पायाने त्या उलटसुलट करत होती. मला बघून ती थांबली नाही, तशीच पाय फिरवत फिरवत माझ्यापर्यंत आली. "वाळलीस गं," मी म्हणाले. "तू कुठं फुललीस?" ती म्हणाली.

दुपारी वालाचं बिरडं आणि तांदळाची भाकरी. जेवताना तिने विषय काढला.

काही वर्षांपूर्वीच्या चक्रीवादळात तिच्या वाडीतल्या निम्म्याहून जास्त पोफळी आडव्या झाल्या. यजमान होते तोवर थोडी नवी रोपं लावली गेली, मग ते आजारी पडले. उरलेल्या जागा अजून रिकाम्या आहेत. आता लावायचं तर येत्या जूनमध्ये, आणि फळ धरायला सातेक वर्षं. दुसरीकडे, कॉटेज बांधणारी एक पार्टी रविवारी दुपारी येणार होती. तिच्या मुलाने, प्रसादने, पुण्याहून ठरवलेलं. प्रसाद म्हणतो, श्रीवर्धनी रोठ्याचे, म्हणजे इथल्या सुपारीचे, दिवस गेले. बाहेरच्या देशांतून सुपारी येते, बाजारात आपल्या मालाचा भाव पडतो, आणि आई म्हातारपणी गड्यांच्या मागे धावणार का?

"तू हेच शिकवतेस ना मुलांना? शेजारचे देश, करार, ते सगळं?" सुनंदाने विचारलं. "मग मला सांग. लंकेची सुपारी अशीच येत राहणार का थांबणार? सात वर्षांनी माझ्या झाडाला सुपारी लागंल तेव्हा ती कोणी घेणार का? तू सांगशील तसं मी करते."

मी खरोखरच हे शिकवते. 'प्रादेशिक आर्थिक सहकार्य' असा पाठ आहे. शेजारी देशांनी एकमेकांचे कर कमी करावेत, म्हणजे लांबच्या श्रीमंतांवर अवलंबून राहावं लागणार नाही. मुलं उतरवून घेतात. फायदे पाच, तोटे चार. मी सुनंदाला समजावू लागले. लंकेबरोबर करार आहे, त्यामुळे तिथल्या सुपारीला सवलत मिळते. सरकारने आयातीवर किमान किंमत लावली आहे, ती कधी वाढते, कधी तिच्यातून पळवाटा निघतात. लांबच्या देशातला माल लंकेचा म्हणून येतो अशीही तक्रार आहे. शेजाऱ्यांची मोठी संघटना आहे, तिच्या प्रमुखांची बैठकच कित्येक वर्षं झालेली नाही, पण करार कागदावर आहेत. शिवाय लंकेतही परसात पोफळी लावून, अंगणात सुपारी वाळवून घर चालवणाऱ्या बायका असणारच, त्यांचंही...

"मीना."

"काय?"

"म्हणजे तुला माहीत न्हाय."

"नाही."

"मग इतक्या लांबून काय बिरडं खायला आलीस?"

ती हसत होती, पण उठून ताटं उचलायला लागली. थोड्या वेळाने, मोरीतून, पाणी चालू ठेवूनच म्हणाली, "विकलं तं प्रसाद म्हणतो उलव्याला फ्लॅट घेऊ. तुझ्यापासून लांब हाय काय?"

"रिक्षाने अर्धा तास," मी म्हणाले. माझा आवाज मलाच वेगळा वाटला.

त्या क्षणापासून माझ्या डोक्यातली सगळी कारणं एका बाजूला सरकू लागली. आयात थांबणार नाही, आणि खरं म्हणजे थांबावी असंही मी वर्गात सांगत नाही. हवामान बिघडत चाललंय. गडी मिळत नाहीत. वय वाढतंय. प्रत्येक कारण खरं होतं. आणि प्रत्येकाच्या शेवटी मला सुनंदा एखाद्या सुट्टीच्या सकाळी उरणला माझ्या दारात उभी दिसत होती, चहा टाक म्हणत. खरी कारणं चुकीच्या हेतूने सांगितली तर ती खरी राहतात का?

रविवारी सकाळी पाडेकरी आला, झाडावर चढून सुपारी पाडणारा. गणपतदादा नाव, अंगाने काटक, कमरेला कोयती, पायांत दोराचा फास. तुम्ही या भागात हिवाळ्यात आलात तर समुद्र अर्धा तास कमी बघा, पण हे बघाच. दादा एका पोफळीवर चढले, घड तोडून खाली सोडले. मग उतरण्याऐवजी त्यांनी झाड हलवायला सुरुवात केली. पुढे, मागे, पुढे. सगळी पोफळ कमानीसारखी वाकली, त्यांनी हात लांब करून शेजारचं झाड पकडलं, आणि पलीकडे गेले. मी तोंडावर हात ठेवला.

"घाबरू नका, मॅडम," कुंपणापलीकडून आवाज आला. हे इक्बालभाई, सुनंदाचे शेजारी. खरं तर कुंपण नव्हतंच, नुसता पाण्याचा पाट होता. "त्याच्या बापाची पन हीच चाल होती. जमिनीवर चालाय लागला तं अडखळतो."

दादा झाडांवरूनच पाट ओलांडून इक्बालभाईंच्या वाडीत गेले. इथे असाच रिवाज आहे: पाडेकरी हद्द बघत नाही. झाडांच्या ओळीने तो वरूनच वाडीमागून वाडी करत जातो. घड ज्याच्या जमिनीवर पडेल त्याचा, मग झाड कोणाचंही असो. हद्दीवरच्या वाकड्या पोफळीचे घड इक्बालभाईंकडे पडले, तेव्हा ते ओरडले, "वहिनी, अल्लानं दिलं, आता मागू नका!" सुनंदा म्हणाली, "घ्या घ्या. परवाच्या वाऱ्यात तुमच्या सुपाऱ्या माझ्याकडं पडल्या होत्या."

पण दहाएक झाडांनंतर मोठी फट आली. वादळाने पाडलेली जागा. गणपतदादांनी झाड दोनदा हलवलं, हात लांब केला, आणि मग सावकाश खाली उतरले. फट चालत ओलांडली. पुन्हा फास घातला, पुन्हा चढले. असं तीनदा झालं. शेवटी खाली बसून पाणी प्यायले.

"पयलं हिथं चढलो का मशिदीच्या मागं उतरायचो," ते मला म्हणाले. "आता दर चार झाडाला खाली. गुडघं ऱ्हायलं न्हाय. वयनी, खरं सांगतो, पुढल्या साली एकल्या वाडीसाठी मी यायचा न्हाय. दोनी वाड्या जोडून असतील तं बघू."

"ऐकलंत?" इक्बालभाई सुनंदाला म्हणाले. "तुमी इकलीत तं माझी पन गेली. मधीच कॉटेज आलं तं हा काय कौलावरनं उडी मारंल? तुमी लावनार असाल तं मी पन लावतो. न्हाय तं पार्टीला माझा पन नंबर द्या."

सुनंदाने माझ्याकडे बघितलं. इक्बालभाईंनीही. म्हणजे आता दोन वाड्या माझ्या तोंडाकडे बघत होत्या.

मी तिला पाटाच्या कडेने थोडं बाजूला नेलं. म्हणाले, "मला विचारू नकोस. भावाचं मला कळत नाही, ते तुला कळलंच आहे. पण दुसरंही आहे. तू उलव्याला आलीस तर मला हवीच आहेस. मी आता विकून टाक म्हटलं, तर ते लंकेच्या सुपारीमुळे की माझ्यामुळे, हे मला सांगता येणार नाही."

वाटलं, ती रागावेल. तिने माझा दंड धरला.

"एवढी एकटी झालीस?" ती म्हणाली. "आणि मला सांगितलंस न्हाय?"

ती तशीच दंड धरून उभी राहिली, आणि मग मान वळवून ओरडली, "इक्बालभाई, रोपं कुठून आणायची? आणि माझी ओळ तुमच्या ओळीसमोर आली पायजे हां, गेल्या वेळी तुमी वाकडी लावलीत!"

दुपारी पार्टी आली. दोन माणसं, पांढरी गाडी. सुनंदाने त्यांना सरबत दिलं आणि नाही सांगितलं. प्रसादला फोन करताना ती मागच्या दारी गेली. बराच वेळ बोलत होती, एकदा आवाज चढला. परत आली तेव्हा डोळे लाल होते. "चिडलाय," म्हणाली. "चिडू दे. त्याच्या वडिलांवर पन चिडायचा."

संध्याकाळी श्रीवर्धनच्या किनाऱ्यावर गेलो. बंधाऱ्यावर भेळवाले, घोडागाडी, मुलांचे फोटो. अंधार पडेपर्यंत आम्ही बोलत बसलो. गेल्या वर्षभरात मी इतकी कधी बोलले नव्हते.

सोमवारी परतीची एसटी: श्रीवर्धन, म्हसळा, माणगाव, आणि महामार्गाने पनवेल. म्हसळ्याच्या घाटात डावीकडे बसा, माणगावला गाडी थांबते तेव्हा वडापाव घ्या. महामार्गाच्या कामामुळे वेळेचा भरवसा नाही. माणगावनंतर मी हिशेब करत होते, पैशांचा नव्हे. मी तिच्याशी योग्य वागले का? सात वर्षांनी भाव कोसळलेला असेल, प्रसाद बरोबर ठरेल, गणपतदादांचे गुडघे गेलेले असतील. तेव्हा माझा प्रामाणिकपणा तिच्या काय कामाचा? शेजाऱ्यांनी बाजार जोडावेत असं मी पुन्हा शिकवीन, कारण मला ते अजून पटतं. पण सुनंदाच्या वाडीत जोडणं म्हणजे काय ते डोळ्यांनी दिसलं. दोन्ही बाजूंना झाड उभं असेल तरच हात पोचतो. लंकेतल्या त्या बाईच्या आणि सुनंदाच्या मध्ये कोण उभं आहे, मला ठाऊक नाही. पाठात ते नाही.

घरी आले. कुलूप उघडलं, दिवे लावले. ट्रेलर चालूच होते.

एक गोष्ट वर लिहायची राहिली. राहिली नाही, टाळली. शनिवारी दुपारी सुनंदा मोरीत ताटं घासत होती तेव्हा मी एका ओळखीच्या एजंटला मेसेज केला होता: उलव्याला तळमजल्यावर एक बेडरूमचा फ्लॅट बघा, मैत्रिणीसाठी, घाई आहे. बिरड्याचे हातही नीट सुकले नव्हते. हे मी सुनंदाला सांगितलं नाही. आत्ता फोन उघडला तर एका फ्लॅटचे फोटो आलेत. छान आहे. खिडकीबाहेर एक छोटं झाड आहे.

उद्या: एजंटला फोन करून नको म्हणून सांगायचं.