आई बोलत होत्या, मी टाईप करत होते

मैत्रिणींनो, आज दुपारपासून कशातच मन लागत नाहीये, म्हणून लिहिते.

भूकंपाच्या आठवणींवरचा माझा लेख चारपर्यंत संपादकांना पाठवायचा होता. आमच्या लातुरात ऊन असं की भिंतीला हात लावला तर भाजतो, त्यात बाराला लाईट गेली. कूलर बंद, लॅपटॉपची बॅटरी संपत आलेली. नीटची तयारी करणारी माझी मुलगी डोक्यावर ओला टॉवेल घेऊन फरशीवर वाचत बसली होती.

सासूबाईंची धाकटी बहीण भूकंपात गेली. इतक्या वर्षांत त्या कधी त्यावर बोलल्या नाहीत. आज उकाड्यानं झोप येईना, तर आपणहून म्हणाल्या, "त्या रात्री शांता माझ्यापाशीच निजली होती."

मी मान न वळवता म्हणाले, "आई, दहा मिनिटं थांबा. एवढं पाठवते."

मुलीनं पुस्तक मिटलं आणि त्यांना आतल्या खोलीत घेऊन गेली. "अगं, परीक्षा तोंडावर आलीय," मी तिलाच रागावले.

लेख पाठवला आणि आत धावले. "आता सांगा, आई."

"झालं सांगून, बाई," त्या म्हणाल्या. "आता पुन्हा न्हाई व्हायचं माझ्याच्यानं."

मुलीचे डोळे लाल झाले होते. "आजीनं हो म्हटल्याशिवाय मी तुला काही सांगणार नाही," ती म्हणाली.

संपादकांना लेख आवडला. मला तो उघडून बघवत नाही.

तुमच्या घरात कुणी असं अचानक बोलायला लागलं, तेव्हा तुम्ही हातातलं काम ठेवलं होतं का?