बावटेमास्तरांचा फळा

बंदरावरच्या हवामान कचेरीत एका खुर्चीवर त्यांनी सव्वीस वर्षं काढली, पण खरं नाव हजेरीपुस्तकाबाहेर कधी पडलं नाही. वादळाची सूचना आली की काठीवर धोक्याचा बावटा चढवायचा, वारा पडला की उतरवायचा, हे काम त्यांचं. म्हणून लहानथोर सगळे त्यांना बावटेमास्तर म्हणत.

कचेरी म्हणजे धक्क्याच्या टोकाला दोन खोल्या. आतल्या खोलीत पाऱ्याची नळी, तारेचं यंत्र आणि एक कुलपाचं कपाट. बाहेरच्या खोलीत टेबल, चहापुरता स्टोव्ह, दारात पाय पुसायला जुनं पोतं, आणि दाराबाहेर धक्क्याकडच्या भिंतीवर फळा. दिवसातून तीनदा मास्तर पारा बघत, नोंदवहीत लिहीत, खाली सही करत आणि मग तेच खडूने फळ्यावर उतरवत. अक्षर असं की शाळेत कित्ता म्हणून लावावं. आवाज देताना मात्र देवाने हात आखडता घेतला होता. चार हातांवरच्या माणसाला त्यांचं बोलणं ऐकू जायचं नाही. बायको म्हणायची, "यांच्याशी भांडायचं म्हणजे दोन्ही बाजू मलाच बोलाव्या लागतात."

लढाई सुरू झाली आणि तिसऱ्या आठवड्यात वरून हुकूम आला. हवामान शत्रूच्या विमानांना आणि जहाजांना उपयोगी पडतं, तेव्हा आजपासून ते गुप्त. बावटे कपाटात जावेत, फळा कोरा राहावा, तारा शिक्का मारून कुलपात ठेवाव्यात. तोंडी एक शब्द बाहेर गेला तरी दोन वर्षांची कैद. मास्तरांनी पोच म्हणून सही केली आणि फळा आधी ओल्या फडक्याने पुसला, मग कोरड्याने.

महिन्याभरातच ती तार आली. उद्या सकाळी सातनंतर पश्चिमेकडून वादळी वारा. मास्तरांनी वेळ लिहिली, चार वाजून दहा मिनिटं, शिक्का मारला, आणि तेवढ्यात दारात त्यांच्या मोठ्या बहिणीचे यजमान उभे. त्यांची स्वतःची होडी होती.

"काय मेहुणेराव, पहाटे निघू ना?"

मास्तर खाली बघत म्हणाले, "भावोजी, आता ते विचारायचं नाही."

"विचारलं कुठे? तोंडाकडे बघून अंदाज घेतोय."

"तोंडाकडेही बघायचं नाही."

भावोजी खो खो हसले. "राहिलं बाबा! तुमचं सरकार, तुमचं वारं. मासळी तेवढी आम्हाला ठेवा."

ते गेले. मास्तर दारापर्यंत गेले, उभे राहिले, परत आले. तार कपाटात ठेवून किल्ली फिरवली तेव्हा घड्याळात चार पस्तीस झाले होते. पुढे कुणीही विचारलं तरी त्यांनी ही वेळ कधी एका मिनिटाने इकडेतिकडे केली नाही.

दुसऱ्या दिवशी तीन होड्या परत आल्या नाहीत. अकरा माणसं. भावोजी त्यांतले एक.

चौथ्या दिवशी वर्तमानपत्रात आलं की शत्रूने बंदरासमोरच्या बेटाच्या आडच्या वाटेवर पाणसुरुंग पेरले आणि त्यांनी तीन होड्यांचा घास घेतला. एक साहेब मोटारीतून आले. अकरा जणांची नावं बंदराच्या भिंतीवर दगडात कोरली जातील, ते देशासाठी गेले, असं सांगून गेले. मास्तरांनी मात्र ओढून आणलेली एक होडी शिपायांनी ताडपत्रीखाली झाकण्याआधी बघितली होती. तळाची एकही फळी उचकटलेली नव्हती. डोलकाठी तेवढी बुंध्यापाशी मोडलेली. त्या सकाळी सहा ते दहा ते कचेरीतून हलले नव्हते. वाऱ्याशिवाय दुसरा आवाज त्यांनी ऐकला नव्हता. सुरुंगांची गोष्ट का रचली हेही त्यांना कळत होतं. वादळ म्हटलं की, सूचना आली होती का, हा प्रश्न आलाच.

देवापासून काय लपवणार होते! पण लोकांपुढे गप्प राहिले. दोन महिने राहिले. तेही या नोंदीत असायला हवं.

बेट आणि किनारा यांच्यामधलं पाणी घरच्या अंगणासारखं होतं, आजवर सगळे तिथूनच ये-जा करत. सुरुंगांच्या भीतीने आता सगळ्या होड्या बेटाला वळसा घालून उघड्या समुद्रातून जाऊ लागल्या. एका सकाळी लाटेने होडीतला एक माणूस उचलून नेला. सुकाणूवर होता मास्तरांच्या बहिणीचा दीर, आता भावाचं घर तोच चालवत होता.

त्या दुपारी मास्तर बहिणीकडे गेले. ती सूप घेऊन डाळ निवडत होती. त्यांनी सगळं सांगितलं, तारेपासून कुलपापर्यंत. आवाज लहान, म्हणून तिने सूप खाली ठेवून कान पुढे केला.

"म्हणजे तुला ठाऊक होतं."

"हो, ताई."

"आणि हे दारात येऊन हसून गेले."

"हो."

"मग आता कशाला आलास? हलकं व्हायला?" तिने सूप पुन्हा मांडीवर ओढलं. "भिंतीवर नाव लागणार आहे त्यांचं. रस्त्याने जाते तर लोक वाट सोडतात. आता काय म्हणू, भावाने कुलूप लावलं म्हणून गेले?"

"ती वाट मोकळी आहे, ताई. बाहेरून जाऊन आणखी माणसं मरतील."

"तुला आजच बरा कंठ फुटला! सांग, जा, गावाला सांग. माझ्या उंबऱ्यावर मात्र पुन्हा पाय ठेवू नकोस."

घरी येऊन त्यांनी बायकोला सांगितलं. तिने एवढंच विचारलं, "तिथे थंडी असते का हो?" आणि ट्रंकेतून लोकरीचा बनियन काढून त्याची बाही सांधायला बसली.

सकाळी सहाला मास्तरांनी पारा बघितला, नोंद केली, सही केली. मग बाहेर येऊन फळ्यावर लिहू लागले, रोज लिहीत तसंच, ओळी सरळ धरून. अमुक तारखेला चार दहाला वादळाची तार आली. ती चार पस्तीसला खालील सही करणाऱ्याने कपाटात बंद केली. होडीवाल्यांना सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी सात वीसला वारा सुटला. स्फोटाचा आवाज नाही. आणलेल्या होडीचा तळ शाबूत, खालील सही करणाऱ्याने स्वतः पाहिला. खाली सही आणि हुद्दा.

अर्ध्या तासात धक्का माणसांनी भरला. एकाने मास्तरांची गळपट्टी धरली, दुसऱ्याने सोडवली.

"आधी मारलं, आता वाट दाखवतोय!"

"पारा बघणाऱ्याला पाण्याखालचं काय कळतंय?"

"सुरुंग नाहीत तर तूच जा की पुढे!"

"जातो," मास्तर म्हणाले, पण ते कुणाला ऐकूच गेलं नाही, आणि तोवर पोलीस आले. मास्तरांना त्यांनी धक्क्यावरच्या जकात कचेरीच्या वरच्या खोलीत बसवलं. एक शिपाई फळा पुसायला लागला, पण गर्दीतून त्याला पुढे सरकताच येईना.

खोलीच्या खिडकीतून मास्तरांना धक्का दिसत होता. बहीण आली. तिने फळा वाचला, बोट फिरवत, ओळ न ओळ. मग दिराकडे वळली. खिडकी उघडी होती आणि तिचा आवाज भावासारखा नव्हता.

"होडी सोड. बेटाच्या आडून."

"वहिनी, डोकं ठिकाणावर आहे ना?"

"हा खोटारडा असेल तर हे गेले तिथे मी जाईन. खरा असेल तर उद्यापासून बाहेरून मरायला जाऊ नका. दोन्हीकडून निकाल लागतो."

"आणि मी?"

"तुला पोहता येतं. मला नाही येत."

दिराने तिला होडीत घेतलं आणि दोर सोडला. होडी हळूहळू बेटाच्या आड गेली. खिडकीत मास्तर उभे, खाली दोनशे माणसं बेटाकडे डोळे लावून. शिपायानेही फडकं हातातच धरलं होतं. कुणाचं घड्याळ किती चाललं ठाऊक नाही. बेटाच्या पलीकडच्या टोकाला शीड दिसलं, पांढरं, ठिगळाचं, तेव्हा एक म्हातारा आपल्या होडीचा दोर सोडायला गेला. त्याच दिवशी आणखी नऊ होड्या तिकडून गेल्या.

मास्तरांना दोन वर्षांची कैद झाली. गाडी निघायच्या सकाळी बहीण जकातीच्या दारात आली, कपड्यात बांधलेला डबा पहारेकऱ्याच्या हाती दिला.

"ताई," मास्तर आतून म्हणाले, "माझ्याशी बोलतेस का?"

"नाही," ती म्हणाली. "वरच्या डब्यात लोणचं आहे, सांडेल. सरळ धर."