साळखात्यातलं बोलणं

माझे बाबा गिरणीत विणकर होते. साळखात्यात, म्हणजे मागांच्या शेडमध्ये, इतका आवाज असायचा की शेजारच्याच्या कानाशी ओरडूनही उपयोग नसे. तिथली माणसं नुसते ओठ हलवून बोलायची. त्याच आवाजाने बाबांचे कान लवकर गेले आणि मग घरातही आम्ही तसंच बोलू लागलो. आई पाहुण्यांसमोर मला रागवायची आणि पाहुण्यांना पत्ता नसायचा. लोकांचे ओठ वाचायची माझी सवय अजून सुटलेली नाही.

गिरणी बंद पडली तेव्हा मी शाळेत होते. नंतर बाबांनी शहरातल्या रावपुऱ्यात एका कापडाच्या दुकानात नोकरी धरली आणि गिरणीचं नाव पुन्हा काढलं नाही. रिक्षा त्या रस्त्याने निघाली की ते दुसरीकडे बघत बसायचे. शेड कितीतरी वर्षं बाभळींत बुडून होती. गेल्या हिवाळ्यात ती दुरुस्त करून तिथे प्रदर्शनाचं दालन आणि कॅफे सुरू झाला, आणि जुन्या कामगारांना घरच्यांसह बोलावणं आलं. बाबा नको म्हणतील असं मला वाटलं होतं. ते इस्त्रीचा शर्ट घालून जेवण झाल्या झाल्या तयार बसले.

आत गेल्यावर मी थबकले. करवतीच्या दात्यांसारखं छप्पर तेच होतं, काचांतून येणारा पांढरट उजेड तोच. खाली मात्र गुळगुळीत फरशी, आणि एवढ्या जागेत एकही माग नाही. लोक कोणी न सांगता हळू बोलत होते. बाबा कोणाकडे न बघता खांबांच्या मधून सरळ चालत गेले, एका जागी थांबले आणि उजवीकडे वळून बोलू लागले.

उजवीकडे कोणी नव्हतं.

ओठ गुजरातीत, गिरणीतल्या भाषेत, हलत होते. मुलं काय करतात, सुनेचं कसं चाललंय, असलं साधंच बोलणं. वयामुळे होतं असं, म्हणत मी त्यांना आणायला निघाले, तेवढ्यात माझ्याच वयाच्या एका बाईने माझं कोपर धरलं. हे तुमचे वडील का, असं तिने विचारलं. तिच्या वडिलांचा माग बाबांच्या शेजारचा होता. गिरणी बंद झाल्यावर ते कुटुंब सुरतेकडे गेलं आणि दोघांची पुन्हा कधी गाठ पडली नाही. फोनही नाही. दिवाळीनंतर तिचे वडील वारले होते. तिच्या घरीही ओठांनीच बोलायचे, त्यामुळे बाबांचं बोलणं तीही वाचत होती.

बाबांनी विचारलं, "हवे पगे केम छे?" पाय कसा आहे आता.

माझ्या कोपरावरची तिची बोटं घट्ट झाली. साखरेमुळे तिच्या वडिलांचा पाय शेवटी शेवटी कापावा लागला होता. आमच्याकडे ते कोणाला ठाऊक असायचं काही कारणच नव्हतं.

ती माझं कोपर सोडून गेली आणि त्या रिकाम्या जागेवर, बाबांच्या समोर उभी राहिली. बाबांनी तिच्याकडे मायेने पाहिलं. मग त्यांचे ओठ हलले: "बेटा, जरा बाजूला हो. तो दिसत नाहीये मला."

ती बाजूला झाली. बाबा पुढे बोलू लागले.

आम्ही दोघी भिंतीशी बाकावर बसलो. कॅफेतलं कॉफीचं यंत्र मधूनच फुसफुसत होतं. मला ते ओठ वाचायचे नव्हते आणि नजरही हलत नव्हती. सगळ्यात भीती वाटली ती त्यांच्या गप्प राहण्याची. कधी ते क्षणभरच थांबत, कधी बराच वेळ मान हलवत ऐकत राहत, समोरचा काहीतरी लांबलचक सांगत असावा तसे. एकदा ते मोठ्याने हसले. आई गेल्यापासून ते तसे हसले नव्हते.

शेवटी त्यांनी हात वर केला आणि आमच्याकडे आले. त्या बाईने ओठांनीच विचारलं, बापुजी काय म्हणाले.

बाबा एरवी फारसे आवाजात बोलत नसत. तेव्हा बोलले. "पाय परत मिळालाय त्याला. आत्ता चालतच गेला." आणि त्यांनी पलीकडच्या दाराकडे बोट केलं. ती दाराकडे बघत राहिली, मग तोंडाला पदर लावून रडू लागली. बाबा तिच्या डोक्यावर हात ठेवून उभे राहिले.

परतताना रिक्षात मी धीर करून विचारलं, ते गेल्याचं तुम्हाला कोणी कळवलं होतं का.

"नाही," ते म्हणाले. "त्यानेच सांगितलं आज."

घरी आल्यावर त्यांनी चहाला नको म्हटलं. थंडी होती, तरी पाणी तापायची वाट न पाहता ते आधी आंघोळीला गेले, घरचं माणूस गेल्याचं कळल्यावर जातात तसे.