हात कामावर येईपर्यंत

शिरपूरला औषधशास्त्र शिकत होते तेव्हा कंपवाताच्या गोळ्यांच्या वेळा काही केल्या माझ्या डोक्यात शिरत नव्हत्या. त्यातच ॲप्रनचं बटण तुटलं, म्हणून कॉलेजजवळच्या म्हाताऱ्या शिंपीचाचांकडे गेले. त्यांचा उजवा हात मांडीवर थरथरत होता.

“बस बेटी. गोळी आत्ताच घेतली, हात अजून कामावर आले नाहीत.”

आम्ही सावकाश चहा प्यायलो, गप्पा मारल्या. हळूहळू बोटं शांत झाली आणि चाचांनी पहिल्याच प्रयत्नात सुईत दोरा ओवला.

“आता गोळी उतरेपर्यंत, म्हणजे बारापर्यंत, काज-बटणं. मग पुन्हा गप्पा!”

परीक्षेत नेमका त्याच गोळ्यांवर प्रश्न आला. मी पहिलंच वाक्य लिहिलं: गोळीची वेळ ठरवण्याआधी रुग्णाला त्याचं काम विचारावं. मार्क किती पडले ते आठवत नाही. बटण मात्र अजून घट्ट आहे.