न चाखलेल्या वड्या

सुरीच्या टोकावर वडीचा एवढासा तुकडा खोचलेला, आणि कंपाउंडच्या भिंतीवरून ती सुरी थेट माझ्या तोंडासमोर. "चाखी देख वं. गोड व्हयनं का?" अक्का आठवल्या की मला आधी ती सुरी आठवते, मग चेहरा. मी ओरडायची, "अक्का, एक दिवस डोळा फोडाल माझा! बशीत द्या की!" त्यावर त्यांचं उत्तर ठरलेलं. "बशी घासाले तू येशी का?"

गेल्या वर्षी अक्का गेल्या. त्यांच्या घरात आता भाडेकरू आहेत, भले लोक आहेत, पण भिंतीवरून कोणी काही देत नाही. अशी शेजारीण तुमच्याही नशिबात कधीतरी आली असेल. असताना डोक्याला ताप वाटते आणि गेल्यावर घर खायला उठतं.

मी ब्लाऊज शिवते. माझं मशीन खिडकीशी आहे आणि खिडकीसमोरच ती भिंत, त्यामुळे अक्कांचं घर मला पाठ होतं. अक्का मूळच्या धुळ्याकडच्या. लग्न होऊन जळगावात आल्या त्याला किती वर्षं झाली कोण जाणे, पण अहिराणी बोलणं बदललं नाही. दुकानदाराशी, डॉक्टरशी, गॅसवाल्याशी, सगळ्यांशी तेच. समोरच्याला कळलं नाही तर त्या तेच वाक्य पुन्हा मोठ्यानं म्हणायच्या.

वड्यांचं खूळ मुळात त्यांचं नव्हतं, सुनेचं. सून अमळनेरची, हौशी पोरगी. अक्कांच्या मुलानं तिला लग्नानंतर छोटा ओव्हन आणून दिला होता. ती मोबाइलवर बघून बघून काय काय करायची. एकदा ओट्सचा पुडा आणला तर अक्का भिंतीशी येऊन मला म्हणाल्या, "हाई तं घोडास्नं खानं शे! मन्ही सून माले घोडी समजस का?" मी इतकी हसले की हातातलं बटण मशीनखाली गेलं.

पण वड्या झाल्या तशा त्या गप्प बसल्या. ओट्स, कणिक, तूप, गूळ आणि चिमूटभर मीठ हातानं चोळायचं, त्यातलं निम्म्याहून जास्त ट्रेमध्ये दाबून बसवायचं, वर घरी केलेला जाम पसरायचा आणि उरलेलं मिश्रण त्यावर भुरभुरायचं. भाजून निघालं की वरून खरपूस आणि आत मऊ. जाम कधी पेरूचा, कधी आंब्याचा, पण बहुतेक वेळा केळीचाच. आमच्याकडे केळी काय, कोणाच्याही घरी पिकून पडलेली असतात. लिंबू पिळून आटवली की झालं. गरम असताना कापायची नाही एवढंच त्यात शिकण्यासारखं, नाहीतर सगळा भुगा होतो. अक्कांना मात्र धीर नसायचा, त्या गरमच कापायच्या आणि भुगा मला द्यायच्या.

मुलगा ठिबक सिंचनाच्या पाइपांच्या कामावर होता, पदरात एक लहान मुलगी. सारखा धुळ्याला जाणं-येणं, मोटरसायकलवर. एका दुपारी सुनेनं ट्रे बाहेर काढला आणि त्याचा फोन आला, "निघालोय, माझ्यासाठी ठेवा." अक्का म्हणाल्या, ठेवते रे बाबा, आणि हातात होती ती वडी खात बसल्या. पुढचा फोन आला तो दुसऱ्याच कोणाचा होता. एरंडोलच्या अलीकडे रस्त्यावर सगळं संपलं होतं.

त्यानंतर अक्कांनी गोड सोडलं.

आमच्याकडे घरातलं माणूस गेलं की घराचं गोड बंद होतं, हे तुम्हाला सांगायला नको. दिवस झाले की नातलग येतात, घरातल्या थोरल्याच्या तोंडात गोडाचा घास घालतात, आणि घर पुन्हा सणावाराला मोकळं होतं. अक्कांच्या भावानं शिऱ्याचा घास पुढे केला तर अक्कांनी दात घट्ट मिटले. भाऊ रडला, वहिनी रडल्या, कोणीतरी रागावलंसुद्धा. अक्का ताटावरून उठून गेल्या. मग घरात ना गुढीला श्रीखंड, ना दिवाळीला करंजी. चहासुद्धा बिनसाखरेचा. सुनेनं सासूकडे बघून गोड खाल्लं नाही, आणि तिला कोणी जबरदस्तीही केली नाही.

मला एकदाच बोलल्या त्या. भिंतीवर हात ठेवून उभ्या होत्या. "तठे तो रस्तावर पडेल व्हता, नि मी आठे गोड खाई ऱ्हायनी व्हती." मी आत जाऊन मशीन चालवत बसले, सुईत दोरा नसताना.

वर्ष झाल्यावर सून नातीला घेऊन माहेरी अमळनेरला गेली. तिकडे एका दवाखान्यात तिला काम मिळालं होतं. भांडून नाही हं गेली. जाताना अक्कांच्या गळ्यात पडून रडली. ओव्हन इथेच ठेवला. नात लहान, तिला इकडची एकच गोष्ट आठवायची, जामची वडी. फोनवर मागायची. मग काय, अक्कांनीच वड्या करायला घेतल्या, आणि अमळनेरकडे जाणारा कोणी दिसला की त्याच्या हाती डबा. कॉलनीतला एकही माणूस त्यातून सुटला नाही. एकाला तर अमळनेरला जायचंच नव्हतं, त्यालाही धाडलं.

आणि चाखायची मी, कारण त्यांचं गोड बंद. गूळ कमी झाला का, जाम आंबट झाला का, सगळं माझ्या जिभेवर. एकदा नेमकी माझी एकादशी आली. सुरी भिंतीवरून आली आणि मी हात जोडले, "अक्का, आज मला उपास आहे." त्या खाणार नाहीत, मी खाणार नाही. सुरी तशीच परत गेली आणि वड्या न चाखताच डब्यात गेल्या. दुसऱ्या दिवशी नातीचा फोन, "आजी, वडी खारी लागते!" गूळ घालायचा राहिला होता आणि मीठ दोनदा पडलं होतं. अक्का मोबाइल कानाला लावून अशा हसल्या, अशा हसल्या की मी खिडकीतून बघतच राहिले. मुलगा गेल्यापासून मी तो आवाज ऐकला नव्हता. मला बरं वाटलं. म्हटलं, बाई आता माणसांत येईल.

त्यानंतरच अमळनेरचे व्याही, म्हणजे सुनेचे वडील, माझ्याकडे आले. अक्कांकडे नाही, माझ्याकडे. गरीब माणूस, खुर्चीच्या कडेवर बसला. म्हणाले, "बाई, पोरीला स्थळ आलंय. मुलगा सुरतेला असतो, कापडाच्या कामात. त्याचीही बायको गेलेली आहे. नातीला आपली म्हणून वाढवायला तयार आहे. माणसं चांगली आहेत."

मी म्हटलं, "मग अडलं कुठे?"

"पोरगी म्हणते, आईंचं तोंड गोड झाल्याशिवाय मी हळद लावून घेणार नाही. त्यांच्या घरात दुःख चालू असताना मी नटू कशी? सुरतेचे लोक थांबलेत, पण किती थांबतील? आणि मी कोणत्या तोंडानं विहीणबाईंना सांगू की खा? त्यांचा मुलगा गेलाय हो."

त्यांना चहा देऊन वाटेला लावलं आणि मी तरातरा शेजारी गेले. अक्का केळी सोलत होत्या. मी सगळं सांगितलं. त्यांनी मान वर केली नाही.

"माले ठाऊक शे," त्या म्हणाल्या.

"ठाऊक आहे? मग?"

"मी गोड खादं का ती जाई. नि पोर बी जाई."

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. एवढे दिवस मी समजत होते की हे सगळं मुलासाठी आहे. होतंच ते मुलासाठी. पण आता त्या बंद तोंडाला दोन जिवंत माणसं बांधलेली होती. मला राग आवरला नाही. माझा स्वभाव तुम्हाला आतापर्यंत कळलाच असेल. मी म्हटलं, "अक्का, गेलेला काही तुमच्या उपासानं परत येत नाही. ती पोरगी पंचविशीची आहे. तुमच्यासाठी ती जन्मभर बिनसाखरेचा चहा पिईल, तेवढी चांगली आहे ती. प्यायला लावणार आहात?"

अक्कांनी केळं तसंच खाली ठेवलं. "जाय तू आते," एवढंच म्हणाल्या.

मी आले. नंतर कितीतरी दिवस भिंतीवरून सुरी आली नाही. मला वाटलं, तुटलं हे शेजारपण. मीही ताठ्यातच होते. पण शिवताना लक्ष सगळं तिकडे.

मग एका सकाळी वास आला. केळीचा जाम आणि तूप, भाजत असलेलं. मी वाट पाहिली. सुरी येईना. शेवटी मीच गेले. घर झाडून-पुसून लख्ख, सतरंजी घातलेली, अक्कांच्या अंगावर इस्त्रीची साडी. ट्रे ओट्यावर गार होत होता, आणि या वेळी बाईनं त्याला हात लावला नव्हता.

"आज चाखायला नाही बोलावलं?" मी म्हटलं.

"आज मीच चाखसू."

मी पदर खोचला आणि चहाचं आधण ठेवलं. आमचं भांडण तेवढ्यावर मिटलं.

दुपारी सगळे आले. व्याही, विहीणबाई, सून, नात, आणि सुरतेच्या मुलाची आई. अक्कांनी स्वतः फोन करून त्या बाईंना बोलावलं होतं, हे मला तेव्हा कळलं. नात आल्याआल्या ट्रेकडे धावली. सून भिंतीला टेकून खाली मान घालून बसली. सुरतेच्या बाई भल्या होत्या, सतरंजीच्या कडेला टेकल्या.

अक्कांनी ताटात वड्या आणल्या. एक वडी मोडली. अर्धी सुनेच्या तोंडासमोर धरली. सून म्हणाली, "आई, आधी तुम्ही."

"नही. आधी तू खाय. तुनं घर आते दुसरं शे, तठे फिक्या तोंडानं जाऊ नको."

सुनेनं तोंड उघडलं. डोळ्यांतून पाणी चाललं होतं. मग उरलेली अर्धी अक्कांनी तिच्याच हातात दिली आणि म्हणाल्या, "आते तू माले दे." सुनेनं घास पुढे केला तेव्हा वरचा भुगा अक्कांच्या साडीवर सांडला. अक्कांनी तोंड उघडलं. व्याह्यांनी दोन्ही हात जोडले. घास गेला तसं सगळे एकदम बोलायला लागले. तिथी, हॉल, नातीची शाळा. माणसांना असं झालं होतं की कधी एकदा हे बोलतो.

पुढचं सगळं चांगलंच झालं. लग्न झालं, पोरगी सुरतेला सुखात आहे. नात सुट्टीत यायची, डबाही जात राहिला, आता सुरतेच्या गाडीनं. अक्का गेल्या तेव्हा सून आणि तिचा नवरा दोघं आले आणि लेक-जावयानं करावं तसं सगळं त्यांनी केलं. तरी मला सारखी आठवते ती त्याच दिवशीची संध्याकाळ.

पाहुण्यांची गाडी वळणाआड गेली. नात मागच्या काचेतून हात हलवत होती. अक्का पायरीवर बसल्या, मी शेजारी टेकले. ताटात एक वडी उरली होती. त्यांनी ती उचलली आणि खायला लागल्या.

"अक्का, झालं ना आता," मी म्हटलं. "एक घास पुरे होता."

त्या चावत राहिल्या. मग समोर बघत म्हणाल्या, "माले वाटनं व्हतं, मातीनामायक लागी."

"मातीसारखी? मग?"

"गोड लागनं वं," त्या म्हणाल्या. "भलतं गोड लागनं."

आणि घास तोंडात असतानाच त्यांचा बांध फुटला. मोठ्यानं, गल्लीला ऐकू जाईल असं रडल्या. मी घाबरले, घशात अडकेल म्हणून पदर पुढे केला, म्हटलं थुंका, अक्का, थुंका. त्यांनी मान हलवून नको म्हटलं, आणि रडत रडत तो घास चावून गिळला.