बेचाळिसाव्या पानावरचं माझं वाक्य

मॅडमनी अन्वीला उभं केलं. म्हणाल्या, "पान बेचाळीस. चौकटीतलं वाच. मोठ्यानं."

नेरूळमधल्या एका सोसायटीचा हॉल. समोर पालक, टेबलावर मॅडमच्या नव्या फ्रेंच व्याकरणाच्या पुस्तकाचे गठ्ठे. मी भिंतीला टेकून उभी, पाण्याच्या बाटल्या वाटून नुकतीच मोकळी झालेली. अन्वी नववीतली. शनिवारी माझ्याकडे फ्रेंच शिकायची. तिनं वाचलं,

"काका बोल्ला, होरी उद्या येनार होती."

हॉल हसला. पुढच्या रांगेतल्या एका बाईंनी तोंडाला रुमाल लावला.

मॅडम म्हणाल्या, "बघा. ही आपल्या शेजारच्या गावठाणातली भाषा. 'उद्या' आणि 'होती', एकाच वाक्यात! मातृभाषेतच काळाचा पत्ता नाही, तर फ्रेंच कुठून येणार? अशा चुका मी पुस्तकात मुद्दाम दिल्यात."

ते वाक्य माझं होतं. काका माझा. होरी, म्हणजे होडी, आमची. माझ्या वहीतून उचललेलं, आणि डोक्यावर लाल फुली मारून छापलेलं.

मी सारसोळ्याची, त्याच गावठाणातली, कोळ्याची पोर. आई बाजारात मासळी विकते. बाबा आधी खाडीत जायचे, आता उरणला कंटेनरच्या यार्डात जातात. शाळेत मराठीच्या तासाला 'पाणी' म्हणायला उभं केलं की माझ्या तोंडून 'पानी' यायचं. वर्ग हसायचा. शाळाभर हेच. कॉलेजात फ्रेंच घेतलं ते यासाठीच. फ्रेंचमध्ये 'ण' नाही. वाटलं, इथं तरी कोणी हसणार नाही.

मॅडम तिथं शिकवायला यायच्या. महिन्याभरात मला थांबवून म्हणाल्या, "तुला कान आहे गं. संध्याकाळी माझ्या क्लासला येत जा." मी जायला लागले. आधी शिकायला, मग लहान मुलांना शिकवायला. त्या आमच्या घरी आल्या. आईच्या हातचं कालवण मागून मागून जेवल्या. आईला म्हणाल्या, "ही आता माझी लेक." आई रात्रभर बाबांना तेच सांगत होती.

क्लासमधल्या मुलांचं घोडं एकाच जागी अडायचं. फ्रेंचमध्ये मुख्य क्रियापद भूतकाळात गेलं की 'की'नंतरच्या वाक्यातलं क्रियापदही रूप बदलतं. 'तो म्हणतो की येईल' असेल तर 'व्यँद्रा'. 'तो म्हणाला' झालं की 'व्यँद्रे'. मुलं दरवेळी 'व्यँद्रा'च लिहायची, कारण मराठीत 'तो म्हणाला, मी येईन' असं सरळ चालतं. मॅडम तक्ता पाठ करून घ्यायच्या. मुलं तक्ता पाठ करायची आणि पेपरात चुकायची.

एका शनिवारी मला घरचं बोलणं आठवलं. काका कालच बोलून गेलेला असतो. होरी यायची ती उद्या. पण तो बोलला त्या वेळेला धरून आम्ही म्हणतो, 'येनार होती.' कालच्या जागी उभं राहून पुढं बघायचं. 'व्यँद्रे' म्हणजे हेच की! मी मुलांना सांगितलं, "आधी मनात 'येनार होती' म्हणा. जुळलं तर 'व्यँद्रे' लिहा." त्या आठवड्यात एकही चुकलं नाही.

मॅडम दारात उभ्या राहून ऐकत होत्या. म्हणाल्या, "हे कुठून आणलंस?"

"घरून," मी म्हटलं.

त्यांनी मला जवळ घेतलं. म्हणाल्या, "सगळे काळ असेच लिहून काढ. वही कर." मी दोन वर्षं लिहीत होते. बोलीतलं वाक्य, खाली फ्रेंच, खाली का जुळतं ते. वही त्यांनी तपासायला म्हणून नेली. परत मागितली की म्हणायच्या, "देते गं, घाई काय?"

आता हॉलमध्ये तीच वही पुस्तक होऊन माझ्यासमोर गठ्ठ्यानं होती. मी एक प्रत उघडली. सगळी वाक्यं माझी. फक्त होरीची गाडी झालेली, काकाचा 'पॉल' झालेला, बोली पुसून टाकलेली. ठेवली ती एका चौकटीत, हसण्यापुरती. लेखक म्हणून मॅडमचं नाव. माझं नाव कुठंच नाही.

अन्वी अजून उभीच होती. माझ्याकडे बघत म्हणाली, "पण ताई, हे तर बरोबर आहे ना? तुम्हीच शिकवलंत."

मॅडम हसून म्हणाल्या, "ताईचं मराठी असंच आहे गं, गोड. बस तू."

मी पुढं गेले. बोर्डावर फ्रेंच वाक्य लिहिलं, खाली होरीचं. म्हटलं, "हे वाक्य माझं हाय. चूक नाय. या पुस्तकातली बाकीची वाक्यं पन माझीच हायत. वही मॅडमकडं हाय." मुद्दाम तसंच बोलले. पहिल्यांदा. चारचौघांत, माइकवर.

मॅडम जवळ येऊन हळूच म्हणाल्या, "हात धरून तुला इथपर्यंत कोणी आणलं, विसरलीस?"

"विसरले असते तर एवढं लागलं नसतं," मी म्हटलं, आणि बाहेर पडले.

आईला सगळं सांगितलं. ती मासळी निवडत होती. हातातली टोपली तिनं बाजूला सारली. मग म्हणाली, "लेक म्हनली ना ती तुला? मंग लेकीचं नाव कुठं हाय?"

दुसऱ्या दिवशी मॅडमचा फोन आला. आवाज तोच, मायेचा. "बाळा, पालकांच्या ग्रुपवर एवढंच लिही की तुझा गैरसमज झाला. पुढच्या आवृत्तीत आभारात तुझं नाव घालते. जूनपासून शाळेत फ्रेंच शिकवायची नोकरी आहेच तुझी. मीच बोललेय तिथं."

मला राग यायला हवा होता. आलं रडू. कारण त्यांची माया खोटी नव्हती. मी बाटल्या वाटत होते तोवर ती खरीच होती.

मी लिहिलं नाही. आठवड्यानं शाळेचा निरोप आला, सध्या जागा नाही. क्लासमधले पालक रस्त्यात दिसले तर फोनमध्ये बघतात. अन्वीला आईनं माझ्याशी बोलायला बंदी केली आहे. कोणी येऊन म्हटलं नाही की तुझं खरं होतं.

नाही म्हटलं तर नाही. प्रकाशकाला पत्र गेलं आहे. सोबत वहीच्या पानांचे फोटो, त्या त्या दिवशी मीच मुलांना पाठवलेले. उत्तर आलं नाही, म्हणून दुसरं पाठवलं. तिसरं आज लिहिते आहे. आभाराच्या पानावर मला जागा नको. नाव पाहिजे ते मुखपृष्ठावर. आणि बेचाळिसाव्या पानावरची लाल फुली निघाली पाहिजे. ती निघेपर्यंत मी पत्रं पाठवत राहणार, प्रकाशकाच्या दारात जाऊन उभी राहणार, आणि बोलणार ते माझ्या आईच्या तोंडचं.